सकाळचा उजेडही बघा

लॉकडाउनमध्ये मुलं उशिरा झोपायची ती मोबाइलमुळेच, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा लेक ६ वर्षांची होती. रात्री साडेअकराला टक्क जागी, चादरीचं टोक बोटाला गुंडाळत विचारायची, "आई, उद्या पण कुठेच जायचं नाही?" पोटात कालवायचं. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, आणि आमचे पडदे दहापर्यंत ओढलेले! मग रोज सातला तिला गॅलरीत बसवून दूध द्यायला लागले, दुपारची झोप बंद केली. पंधरवड्यात पोर साडेनऊला पेंगायला लागली. या वयाला ९ ते १२ तास झोप हवीच. मी रागावले म्हणून मात्र ती कधीच झोपली नाही, उलट रडून आणखी जागायची.