स्कोअरबुकवाल्या माणसानं नवे आकडे कुठून शिकायचे?

विश्रामबागचा_स्कोअरर:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय साठीच्या पुढं. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांपासून शिवाजी स्टेडियमवरच्या मॅचेसपर्यंत स्कोअरबुक लिहीत आलोय. अ‍ॅव्हरेज, स्ट्राइक रेट, इकॉनॉमी इथपर्यंत गाडी बिनबोभाट चालते, पुढं मात्र अडते. पुतण्या पुण्यात नोकरीला, सुट्टीला आला की डॉट बॉल टक्के, मॅच-अप, विन प्रॉबॅबिलिटी असलं कायकाय ऐकवतो. परवा म्हणाला, "काका, 2024 च्या टी-20 वर्ल्डकप फायनलमधली कोहलीची इनिंग तशी हळूच होती." 59 चेंडूंत 76, मॅन ऑफ द मॅच, आणि हा म्हणतो हळू! 34 ला 3 गेले होते, ते कुठल्या आकड्यात बसतं? वाद घालायचाय, पण त्याच्याच भाषेत. सुरुवात कुठून करू? इंग्रजी लेखांच्या लिंका नकोत, डोळे दुखतात.

मिरज_जंक्शन:
काका, पुतण्याचं निम्मं बरोबर आहे आणि तुमचंही निम्मं. आख्ख्या इनिंगचा स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागं रन, 128.8 आणि टीमचा 146 च्या वर, म्हणून तो हळू म्हणतो. आता इनिंग फोडून बघा. पन्नास झाले 48 चेंडूंत, पुढचे 26 आले 11 चेंडूंत. मधे अक्षरनं 31 चेंडूंत 47 काढून एक बाजू पळती ठेवली, म्हणून दुसऱ्या बाजूला टिकणं परवडलं. हे नवे आकडे बहुतेक एवढंच करतात, एका मोठ्या आकड्याचे तुकडे पाडतात. पॉवरप्ले 1 ते 6, मधल्या ओव्हर 7 ते 15, शेवट 16 ते 20. त्यात बॉलर फास्ट की स्पिन, हे वेगळं काढलं की झाला मॅच-अप.

आणि डॉट बॉल टक्के तुम्ही जन्मभर लिहिताय की! स्कोअरबुकात रन नाही तिथं टिंब देता, तेच. टिंबं मोजा, एकूण चेंडूंनी भागा, शंभरनं गुणा.

अजिंक्यतारा_७४:
साताऱ्याहून हजेरी. मला हे सगळं लई कौतुकाचं वाटत नाही. विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मलेले. 1948 च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला एकाच टेस्टमध्ये 116 आणि 145, समोर ऑस्ट्रेलियाचे फास्ट बॉलर लिंडवॉल आणि मिलर. सांगा कॉम्प्युटरला मोजायला!

मिरज_जंक्शन:
मोजता येतं की राव. दुसऱ्या डावात टीमच्या 277 पैकी 145 एकट्याचे, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याच मॅचमध्ये बाकीच्यांनी काय केलं त्याच्याशी तुलना, हासुद्धा नवाच आकडा आहे, आणि तो हजारेंच्या बाजूनं बोलतो. उलटं बघायचं तर 1975 च्या वर्ल्डकपमधली गावसकरांची इनिंग घ्या. 60 ओव्हर, समोर 334, आणि 174 चेंडूंत नाबाद 36. नाबाद असल्यानं अ‍ॅव्हरेजला फायदाच झाला, टीम मात्र 202 रननी हरली. अ‍ॅव्हरेज एकटं बघितलं की असं फसायला होतं.

कबड्डीवाली_इस्लामपूर:
आमच्याकडं दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, गुण आणायचाच. म्हणजे डॉटचा हिशोब नियमातच लिहिलाय. क्रिकेटवाले उशिरा जागे झाले 😄

काका, एक मात्र लक्षात ठेवा. 'कंट्रोल' नावाचा जो टक्का असतो, तो तुमच्या वहीतून निघणार नाही. चेंडू बॅटवर नीट बसला की कड घेऊन गेला, हे बघणारा माणूस प्रत्येक चेंडूला नोंदवतो. त्यात त्याच्या नजरेचा भाग आलाच. पुतण्या तो आकडा सांगायला लागला की बिनधास्त विचारा, "कुणी बघितलं?"

विश्रामबागचा_स्कोअरर:
हे झकास. काल त्या फायनलचा शेवट मांडून बसलो. आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हवे होते, सहा विकेट हातात. त्यांचाच विन टक्का वर असणार, बरोबर? मग सोळाव्या ओव्हरपासून 4, 4, 2, 4. शेवटच्या ओव्हरला 16 उरले. म्हणजे तो टक्का भविष्य सांगत नाही, अशा जागेवरून आजवर किती टीम जिंकल्या तेवढं सांगतो, असं मी समजलो.

एक अडचण उरलीच. आमच्या इथल्या स्पर्धा आठ ओव्हरच्या. तिथं मधल्या ओव्हर कुठल्या धरायच्या?

मिरज_जंक्शन:
बरोबर समजलात. आठ ओव्हरला टप्पे पाडू नका, चेंडू इतके कमी की टक्क्याला अर्थ राहत नाही. एका बॉलरची पूर्ण सीझनची टिंबं एकत्र करा, मग भागा. वह्या ठेवल्यात ना जपून?

विश्रामबागचा_स्कोअरर:
माळ्यावर आहेत. रविवारी पुतण्यालाच चढवतो वर.