मदत हवी आहे : नवी गाडी, ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं

निळी_हॅच
गाडी घेऊन अडीच महिने झालेत. आयुष्यात पहिल्यांदा मनासारखी, ताकदीची गाडी घेतली आणि आता ती चालवायची भीती वाटते. ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरतं. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. पहिल्यांदा अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून दिलं, पैसे घेतले, फरक शून्य. दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, परफॉर्मन्स गाडीचे ब्रेक असेच असतात, सवय होईल." सोमवारी परत नेणार आहे. ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) बदलून मागू का? अनुभव असेल त्यांनीच लिहा, प्लीज लवकर.

कोथरूडचा_राजू
कुठली गाडी? किती किमी झाली? किती वेगाला थरथरते? काहीच लिहिलं नाहीत, काय सांगणार?

टर्बो_नगर
डिस्क वाकल्यात. शंभर टक्के. माझ्या आधीच्या गाडीला अगदी हेच झालं होतं. कंपनीच्या डिस्क काढा, बाहेरून स्लॉटेड (खाचांच्या) डिस्क, डिस्कला दाबून धरणारे चांगले पॅड आणि ब्रेक ऑइलचे स्टीलच्या जाळीचे होज टाका. एकदाच खर्च होईल आणि ब्रेक असे लागतील की बघत राहाल.

निळी_हॅच
कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. टर्बो पेट्रोल, डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), चारही चाकांना डिस्क. ३,४०० किमी. वेग म्हणाल तर ८० च्या वर.
@टर्बो_नगर, वॉरंटीतल्या गाडीला बाहेरच्या डिस्क लावून घरी बोलणी कोण खाणार?

डायलगेज
मी ब्रेक टेस्टिंगमध्ये काम करते, चाकणला. आधी चार गोष्टी सांगा, म्हणजे अंदाज बांधता येईल.
थरथर हातात जास्त आहे, पायात की सीटखाली? हातात असेल तर बहुतेक पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. ब्रेक न लावता १०० ला गाडी शांत पळते का? ब्रेक दाबून ठेवला आणि वेग उतरत गेला की थरथरही संथ होत जाते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पहिल्या दिवसापासून आहे की मध्येच सुरू झालं?

निळी_हॅच
हातात. पेडललाही थोडं कळतं. ब्रेकशिवाय एकदम शांत. हो, वेगाबरोबर संथ होते, ४० च्या खाली कळतच नाही. पहिल्या दिवसापासून नाही, साधारण तीन आठवड्यांपासून.

राजहंस५५
एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असणार. पेडल पायाला ठकठक मारतं, ते एबीएसचं लक्षण. घाबरू नका, ते चांगलंच असतं.

डायलगेज
एबीएस नाही, काका. एबीएस जोरात ब्रेक मारल्यावर किंवा निसरड्यावर येतं, हलक्या पायाला येत नाही. आणि त्याचा ठेका चाकाच्या फेऱ्यांना बांधलेला नसतो. १७ इंची चाक टायरसकट साधारण दोन मीटर घेराचं असतं. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १४ फेऱ्या मारतं. डिस्कवर एका जागी दोष असला तर स्टिअरिंगला सेकंदाला १४ धक्के, ५० च्या वेगाला ७. हे सांगतायत ते तसंच आहे.
अलाइनमेंटचाही संबंध नाही. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात. आणि बॅलन्सिंगचा दोष ब्रेक न लावताही जाणवतो.
@निळी_हॅच, तीन आठवड्यांपूर्वी काय झालं?

निळी_हॅच
काही नाही. अलिबागला गेलो होतो.

डायलगेज
कसे गेलात? वाटेत काय काय झालं ते सगळं लिहा. तुम्हाला फालतू वाटलं तरी.

मनीषा_ठाणे
विषय निघालाच आहे तर विचारते, डीसीटीचं शहरात ॲव्हरेज किती पडतं? आम्ही पुढच्या महिन्यात घेतोय.

कोथरूडचा_राजू
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. इथे गाडीच्या ब्रेकचं चाललंय.

निळी_हॅच
शनिवारी सकाळी निघालो. मी, आई-वडील, बायको. एक्सप्रेसवेने घाट उतरून खोपोलीला बाहेर पडलो, पेणवरून अलिबाग. घाटाच्या शेवटच्या उतारावर तुफान ट्रॅफिक. पाऊण तास सरकतोय-थांबतोय, सरकतोय-थांबतोय. त्याआधी उतारावर गाडी छान पळवली होती, ते कबूल करतो. नवी गाडी होती, मोह झाला. खोपोली-पेण रस्त्यावर पुढचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने काढून दिलं. परतताना रविवारी रात्री आईनेच पहिल्यांदा विचारलं, "अरे, गाडी अशी का थरथरतेय?"

श्टुटगार्टवासी
मिळालं उत्तर! नट. पंक्चरवाल्याने एअर गनने नट आवळले असणार, एक कमी, एक जास्त. डिस्क चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये पकडलेली असते. नट असमान आवळले की ती केसभर तिरकी बसते. इकडे जर्मनीत दर हिवाळ्याला आणि उन्हाळ्याला टायर बदलतात. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून मगच चाक चढवतात आणि ५० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरालाच आवळणारा पाना) तपासून घ्या असं बिलावर लिहून देतात. पाचही नट सैल करा आणि समोरासमोरचे असे, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. बहुतेक गाड्यांना १०० ते १३० न्यूटन-मीटरच्या मधला आकडा असतो.

टर्बो_नगर
नट सोडा हो. घाटात पळवली, डिस्क लालबुंद झाल्या, वाकल्या. माझ्या गाडीच्या डिस्कचं लेथवर फेसिंग केल्यावर, म्हणजे वरचा थर तासून घेतल्यावर, थरथर लगेच गेली होती. वाकलीच नव्हती तर फेसिंगने गेली कशी?

शिरोली_फाउंड्री
मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत. २२ वर्षं बीड ओततोय, ब्रेक डिस्क आणि ड्रमसुद्धा. डिस्क बिडाची असते, ग्रे आयर्न. ती पापडासारखी वाकत नाही बघा. जास्तीच झालं तर तिला चीर जाते. ओतकामात आत ताण राहिला असेल तर पहिल्या एक-दोन जोरदार तापण्यांत ती हलते, हे मी नाकारत नाही. पण ते एका घाटात दोन्ही बाजूंना व्हायचं नाही.

डायलगेज
दादांनी बरोबर सांगितलं. @टर्बो_नगर, लेथवर तुमच्या डिस्कवरचा पॅडचा थरही निघून गेला, म्हणून थरथर गेली. वाकलेपण गेलं म्हणून नाही.
पॅडचं मटेरियल डिस्कवर पातळ थरासारखं बसतं आणि ते बसायलाच हवं. पण तो थर सगळीकडे सारखा हवा. डिस्क खूप तापलेली असताना गाडी उभी राहिली आणि पाय ब्रेकवर घट्ट राहिला, तर पॅड जिथे टेकलाय तिथे जास्त मटेरियल छापलं जातं. मग दर फेरीला पॅड त्या ठिगळावर चढतो आणि उतरतो. डिस्कच्या जाडीत ०.०१५ मिमीचा फरक पडला तरी स्टिअरिंगला कळतो. डोळ्याला काही दिसणार नाही, हाताला लागणार नाही.
आता तुमचा घाट बघा. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या आसपास, खोपोली ६० च्या. तेवढ्या उताराची सगळी ऊर्जा ब्रेकने खाल्ली असं धरलं तर १०० च्या वेगावरून गाडी १४ वेळा पूर्ण उभी करण्याइतकी होते. हवा आणि इंजिन थोडी खातात, पण डीसीटी 'डी'मध्ये ठेवून उतरलात तर इंजिन फार मदत करत नाही. आणि त्यानंतर पाऊण तास ट्रॅफिकमध्ये पाय ब्रेकवर.

निळी_हॅच
'डी'मध्येच होती. ऑटोमॅटिक आहे, दुसरं काय करणार? पाय ब्रेकवरच होता. उतारावर उभी गाडी सोडू कशी?

डायलगेज
तुमची चूक आहे असं नाही म्हणत. हे कोणी शिकवतच नाही. उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडल-बटणांनी किंवा मॅन्युअल मोडने गिअर खाली घ्यायचा आणि थांबल्यावर 'पी' किंवा ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय). पण ब्रेक फार तापलेले असतील तर ऑटो होल्डही पॅड पुढच्या डिस्कवर दाबूनच धरतो. त्यापेक्षा पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून थोडं थोडं सरकत राहिलेलं बरं.

राजहंस५५
ब्रेक ऑइलही बदलून घ्या. पाणी शिरलं की उकळतं.

शिरोली_फाउंड्री
तीन महिन्यांच्या गाडीला कशाला? डॉट ४ ऑइल कोरडं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं. आणि ऑइल उकळलं तर पेडल मऊ होऊन खाली जातं, स्टिअरिंग थरथरत नाही.

वकील_साहेब
ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तूबद्दल तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. गाडी बदलून मागा, डिस्कवर समाधान मानू नका.

कोथरूडचा_राजू
साहेब, आधी दोष कशात आहे ते तर कळू दे.

निळी_हॅच
गाडी बदलून नकोय हो, हीच नीट हवी आहे. वडील ७२ वर्षांचे आहेत, शनिवारी तेही चालवतात. त्यांच्या हातात ती थरथरली तर ते घाबरून ब्रेक सोडतील, ही माझी काळजी आहे.
सोमवारी नेमकं काय मागू ते सांगा. डायलगेज ताई, तुम्हीच सांगा.

डायलगेज
डिस्क बदलून मागू नका. ते 'वेअर अँड टेअर, वॉरंटीत नाही' म्हणतील आणि विषय संपेल. माप मागा. आधी पाचही नट सैल करून टॉर्क पान्याने आवळायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहा. श्टुटगार्टवासींचा मुद्दा खरा आहे, तो आधी निकालात काढा. मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप) लावून दोन्ही पुढच्या डिस्कचा रनआऊट, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, आणि मायक्रोमीटरने आठ जागी जाडी. आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या. रनआऊटची मर्यादा बहुतेक गाड्यांना ०.०५ मिमीच्या आसपास असते, तुमच्या गाडीची त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. आकडा कागदावर आला की 'सवय होईल' कोणी म्हणणार नाही.

निळी_हॅच
(सोमवार रात्री) चार तास तिथेच होतो. डायल गेज नव्हताच, दुसऱ्या शाखेतून मागवला.
डाव्या चाकाचे नट खरंच बिघडले होते. दोन इतके घट्ट की मेकॅनिकला पान्यावर उभं राहावं लागलं, एक जवळजवळ हाताने फिरला. तो बघून पोटात गोळा आला, त्या चाकावर आम्ही चौघं अलिबागहून आलो. नीट आवळल्यावर रनआऊट ०.०४ आला, मर्यादेच्या आत. ट्रायल घेतली, थरथर कमी झाली पण गेली नाही.
मग जाडी मोजली. उजवीकडे आठही जागी जवळपास सारखी. डावीकडे सगळ्यात कमी २५.९४, सगळ्यात जास्त २५.९५८. टॉर्चच्या उजेडात तिरकं बघितलं तर डिस्कवर पॅडच्याच आकाराचा, कडा स्पष्ट असलेला काळसर निळा डाग. इतके दिवस जाळीच्या चाकातून तो रोज समोर होता आणि मला दिसला नाही.

डायलगेज
०.०१८. हाच तो. श्टुटगार्टवासींचंही आणि माझंही, दोघांचंही बरोबर निघालं.
आता मेकॅनिककडून पॅड काढून घ्या. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पॅडचा पृष्ठभाग आणि डिस्कवरचा डाग घासायला सांगा, तोंडाला मास्क लावून. मग पॅड पुन्हा बसवायचे. पहाटे, मागेपुढे कोणी नसलेल्या सरळ रस्त्यावर ९० वरून २० पर्यंत ठाम ब्रेक, आठ-दहा वेळा. एबीएस लागू द्यायचं नाही आणि मध्ये कुठेही पूर्ण थांबायचं नाही. नंतर पंधरा मिनिटं ब्रेक फारसे न वापरता चालवत राहा, गार होऊ द्या.

टर्बो_नगर
फेसिंग केलं तर एका तासात होईल की.

शिरोली_फाउंड्री
नव्या डिस्कचं मटेरियल कशाला घालवायचं? आणि डाग ६५०-७०० अंशांच्या वर तापला असेल तर तिथलं बीडच कडक झालं असेल, सिमेंटाइट म्हणतात त्याला. तो भाग कमी झिजतो, आजूबाजूचा जास्त. लेथ मारला तरी काही हजार किमीनंतर पुन्हा वर येतो. मग डिस्क बदलणंच खरं. पण आधी ताई सांगतायत तो स्वस्त उपाय करून बघा.

टर्बो_नगर
हे मला माहीत नव्हतं. माझीही सहा महिन्यांनी परत थरथरायला लागली होती, तेव्हा मी डिस्कच बदलल्या.

निळी_हॅच
(गुरुवार) आज पहाटे साडेपाचला केलं. सहाव्या ब्रेकला जळका वास आला, घाबरलो, पण ताईंनी सांगितल्याप्रमाणे थांबलो नाही. वडील शेजारी बसून मोजत होते. परत येताना ८० ला काही नाही. ९० ला नाही. १०० च्या पुढे अगदी बारीक, मुद्दाम लक्ष दिलं तरच.

डायलगेज
छान. आता ४०० किमी चालवा आणि मायक्रोमीटर पुन्हा लावून घ्या. फरक कमी झाला तर विषय संपला. वाढला तर शिरोलीचे दादा म्हणतात ते कडक डाग, आणि मग दोन्ही जॉबकार्ड घेऊन डिस्क मागा. दोन्ही बाजूंच्या एकदमच.

मनीषा_ठाणे
सगळा धागा वाचला. ॲव्हरेज राहू दे, आमच्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशीच डीलरकडे टॉर्क पाना मागणार आहे.

निळी_हॅच
जॉबकार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय. ४०० किमी पुढच्या आठवड्यात होतील, आकडे इथेच टाकतो. रविवारी आई-वडिलांना घेऊन पुन्हा अलिबाग. घाट या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरणार आणि सकाळी सहाच्या आत, म्हणजे ट्रॅफिकमध्ये थांबावंच लागणार नाही.