मुख्याध्यापक एकटे काय करणार?

'मुख्याध्यापक खमका असला की अनुदानित हायस्कूल सुधारतं' हे मत मला अर्धंच पटतं. मुख्याध्यापकांना पर्यवेक्षक हवा, तसाच लिपिक आणि शिपाईही हवाच. शाळेचं कार्यालय जूनमध्ये एकदा बघा. खिडकीशी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालकांची रांग, टेबलावर उघडं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींची वही. त्यातली जन्मतारीख आणि जातीची नोंद अक्षर न अक्षर ताडून दाखला लिहायचा. तिथे एक चूक झाली की पोराला पुढे जात पडताळणीपर्यंत हेलपाटे. शिवाय शालार्थ या सरकारी वेतन प्रणालीतली पगारबिलं, यूडायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची आणि मुलांची माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज आहेतच. लिपिकाचं पद रिक्त असेल तर हे सगळं शिक्षकांच्या गळ्यात पडतं, तास बुडतात.

शिपायांचं तर त्याहून वाईट. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायाची नियमित पदं भरणं बंद होऊन त्याऐवजी ठोक भत्ता आला. ग्रामीण भागात तो महिन्याला 5000 रुपये ठरला! एवढ्यात कोण टिकणार? घंटा, कुलपं, स्वच्छतागृह, परीक्षेची बाकं, सगळं बघणारा, मुलांना नावानिशी ओळखणारा माणूसच आपण काढून टाकला. शाळा समितीत मुख्याध्यापकांना जाब विचारण्याआधी शाळेत किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, ते विचारा.