कुणाला नामांकन मिळायला हवं होतं? तुमचे अनुभव सांगा

माळ्यावरची
काल माळा आवरताना आईच्या जुन्या पर्समध्ये 'श्वास'चं तिकीट सापडलं, 2004 चं. अक्षरं जवळपास उडालीत. सिनेमा ऑस्करला चाललाय म्हणून तेव्हा लोकांनी वर्गणी काढली होती, आठवतंय? आमच्या गिरगावातल्या चाळीत बोर्नव्हिटाचा डबा फिरला होता. मी खाऊचे वीस रुपये टाकले. नामांकन नाही म्हटल्यावर घरातलंच कुणी नापास झाल्यासारखं वाटलं. ऑपरेशनच्या आधी नातवाला गुपचूप शहर दाखवायला नेणारे अरुण नलावडे... आई अजून म्हणते, त्या आजोबांना काहीतरी द्यायलाच हवं होतं. तुमचं असं कोण?

कुर्ला_स्लो
'कोर्ट'मधली गीतांजली कुलकर्णी!! सरकारी वकील. मी तिचा राग राग करायच्या तयारीने बसले होते. मग ती ट्रेनमध्ये दिसते, पाळणाघरातून पोराला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. अहो, ही बाई रोज माझ्या डब्यात असते! आता हिचा राग कसा करू? अभिनय वगैरे कळत नाही मला, पण माझ्या हातात असतं तर हिचं नाव थेट ऑस्करला. कुकर झाला, येते.

नियमाप्रमाणे
ऑस्करच्या त्या परदेशी सिनेमांच्या विभागात देशातर्फे एकच सिनेमा जातो आणि बक्षीस सिनेमाला असतं, नटाला नाही. पहिल्या पाचांत पोचलेले आपले म्हणजे 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे', 'लगान'. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' तिन्ही गेले, तिन्ही राहिले. आणि राष्ट्रीय पुरस्कारांना नामांकनं नसतातच, थेट निकाल. तिथे 'श्वास'ला सुवर्णकमळ होतंच की, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी.

कुर्ला_स्लो
सर, पेपर कधी तपासून देताय? 😄

बाराखोल्या
'अशी ही बनवाबनवी'तली लक्ष्याची पार्वती. विनोदी माणसाला बक्षीस द्यायचं तर "उत्कृष्ट विनोदी" अशी वेगळी पंगत मांडतात. साडीचा पदर सावरत टायमिंग सांभाळणं सोपं वाटतं का? गॅदरिंगला मी केलंय, निऱ्या सुटल्या. पुढचं सांगत नाही.

काकू_ठाणे
सांगाच.

बाराखोल्या
आत हाफ पँट होती, एवढंच.

जलद_गाडी
'डोंबिवली फास्ट'. सगळे त्या बॅटवाल्या माधव आपटेबद्दल बोलतात. मला संदीप कुलकर्णी त्याच्या आधीचाच आवडतो, मुकाट रोजची गाडी पकडणारा. आमच्याकडे टीव्हीवर लागला की हे म्हणतात, हा मीच, फक्त बॅट नाही. म्हटलं, देऊ नकाच कुणी.

काकू_ठाणे
माळ्यावर झुरळांना काय टाकता हो? बोरिक पावडरने आमच्याकडची नुसती गुटगुटीत झालीत.

नियमाप्रमाणे
साखर मिसळा. आणि ते तिकीट लॅमिनेट करू नका, उरलेली अक्षरंही जातील.

माळ्यावरची
आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, डब्यात पन्नास तिने टाकले होते. माझे वीस मी संध्याकाळी हळूच परत काढले आणि गोळा खाऊन आले.

कुर्ला_स्लो
म्हणजे नामांकन तुझ्यामुळे गेलं!! कुठला गोळा?

माळ्यावरची
कालाखट्टा. दोन.