२६ वर्षांची सवलत हा अर्धाच भाग

ओबामाकेअरचा, म्हणजे अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य विमा कायद्याचा, तरुण कॅन्सर पेशंटला फायदा काय, तर २६ पर्यंत आईवडिलांच्या इन्शुरन्सवर राहता येतं, असं सहसा सांगितलं जातं. खरंय, पण त्याहून मोठं काम दुसऱ्या दोन बदलांनी केलंय. आधी बऱ्याच पॉलिसींना लाइफटाइम लिमिट असायची, म्हणजे आयुष्यभरात कंपनी एकूण तेवढेच पैसे देणार, दहा लाख डॉलर वगैरे, आणि ल्युकेमियात केमो, मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आजार उलटला तर परत सगळं, म्हणजे विशीतच लिमिट संपली तर उरलेलं आयुष्य काय करायचं त्या पोराने? ती लिमिट या कायद्याने गेली. आणि २०१४ पासून जुना आजार दाखवून मोठ्यांनाही नाकारता येत नाही की प्रीमियम वाढवता येत नाही, लहानांना नाकारण्यावर बंदी आधीच आली होती.

पण २६ पूर्ण झाले की खरी पंचाईत. नवीन प्लॅनमध्ये जुना ऑन्कोलॉजिस्ट (कॅन्सरचा डॉक्टर) असेलच असं नाही, डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागायच्या आधी स्वतः भरायची रक्कम) परत पहिल्यापासून. टेक्सास राज्याने तर मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) वाढवलंच नाही, तिथे ट्रीटमेंटमुळे नोकरी सुटलेल्या एकट्या तरुणाला बहुतेक वेळा मेडिकेडही नाही आणि प्रीमियमवरची सरकारी सबसिडीही नाही, हे फार क्रूर आहे. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी कव्हर संपायच्या ६० दिवस आधीपासून मार्केटप्लेसवर (या कायद्याखालच्या विमा खरेदीच्या सरकारी साइटवर) अर्ज करता येतो तो कराच, आणि प्लॅन निवडताना प्रीमियमच्या आधी आपलं हॉस्पिटल त्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे यादीत, आहे का ते बघा.