शब्द हवा आहे: गेम नीट बांधलेला नाही हे कळतं, तरी मनापासून आवडतो

अमळनेर:
एका आवडीसाठी नेमका शब्द शोधतोय. व्हिडिओ गेम नीट बांधलेला नाही हे आपल्याला स्वच्छ दिसतं, कुठे काय बिघडलंय ते बोट ठेवून दाखवता येतं, आणि तरीही तो खेळताना मन रमतं. नाइलाज म्हणून नाही, वेळ घालवायला म्हणूनही नाही. मनापासून. याला मराठीत काय म्हणतात?

उदाहरण 'प्रोजेक्ट आयजीआय'चं देतो, कारण खान्देशात माझ्या वयाच्या पुष्कळ जणांनी सायबर कॅफेत तो खेळलेला आहे. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजनी २००० साली काढलेला, शत्रूच्या लष्करी तळात एकट्याने घुसायचा बंदुकीचा गेम. मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नाही. लपतछपत तळाच्या पार टोकाला पोचावं, शेवटच्या दारापाशी एका पहारेकऱ्याने टिपावं, की पुन्हा कुंपणाबाहेरून सुरुवात. अलार्म वाजला की बराकीतून शिपाई येतच राहतात, मारून संपत नाहीत. शत्रूंची अक्कल बेताची. चौघांनी मिळून खेळायचं म्हटलं तर तेही नाही. हे सगळं तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. आणि आजही लावला की उठवत नाही.

भुसावळ:
नाद. दुसरा शब्द शोधायची गरज काय भो? कुस्तीचा नाद, पत्त्यांचा नाद, तसा गेमचा नाद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाखाली पत्त्यांचे डाव बसतात, तिथे कोणी 'हा खेळ चांगला बांधलाय का' असं विचारत नाही. अहिराणीत तर सरळ म्हणतात, 'माले नाद लागी गया'. संपलं.

अमळनेर:
भाऊ, नाद शब्द मोठा आहे, पण त्यात पारख झोपलेली असते. 'नादी लागला', 'नादावला' म्हणतो तेव्हा त्या माणसाला आता बरंवाईट दिसत नाही असंच आपल्याला सांगायचं असतं. माझ्या प्रश्नातला माणूस जागा आहे. तो दोष मोजून दाखवतो आणि मग खेळायला बसतो.

धुळे:
'कळतं पण वळत नाही' चालेल का?

अमळनेर:
त्यात अपराध आहे. वळायला हवं होतं आणि वळलो नाही, असा सूर येतो. इथे वळायचं कशाला?

रावेर:
मी 'चटक' सुचवायला आले होते, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की ती अगदी उलट्या गोष्टीसाठी आहे. कँडी क्रश घ्या. २०१२ पासून फोनवर आहे. पाच जीव मिळतात, संपले की दर अर्ध्या तासाला एक परत येतो. म्हणजे नेमकं अजून खेळावंसं वाटत असताना थांबवायचं, आणि अर्ध्या तासाने फोन हातात घ्यायला लावायचं. घाई असेल तर पैसे भरा. याला वाईट बांधणी कसं म्हणणार? ज्या कामासाठी बांधलंय ते काम तो चोख करतो. फक्त ते काम आपल्या भल्याचं नाही. असा गेम आपण खेळतो त्याला चटक म्हणावं, आणि त्यात पुष्कळदा आवड उरलेलीच नसते. माझ्या घरात एकीला हा गेम आता आवडत नाही, तरी रोज चालू असतो. तेव्हा 'वाईट गेम' हे दोन अर्थांनी म्हटलं जातं आणि या चर्चेत ते वेगळे ठेवायला हवेत. एक ओबडधोबड बांधलेला, दुसरा कपटाने बांधलेला. अमळनेरकरांचा प्रश्न पहिल्याबद्दल आहे.

शहादा:
रावेरच्या ताईंनी वेगळं केलं ते बरं झालं. मला वाटतं, शब्द आवडीसाठी शोधण्याआधी दोषासाठी शोधावा. तो आपल्याकडे आहे: खोड. लिंग सांभाळा. 'ते खोड' म्हणजे झाडाचं, रावेर-यावलकडे केळीचं. 'ती खोड' म्हणजे अंगची वाईट सवय, जनावराची किंवा माणसाची.

आमच्याकडे सारंगखेड्याला दत्त जयंतीला यात्रा भरते, तापीच्या काठी, घोड्यांचा मोठा बाजार असतो. तिथे जाणता माणूस घोडा पाहताना पाय बघतो, दात बघतो, भोवरे बघतो, आणि मग खोड विचारतो. लाथ मारतो का? चावतो का? कशाला बुजतो? खोड असली म्हणून घोडा टाकून देत नाहीत. घेणारा ती समजून घेतो, भाव तसा करतो. आणि वर्षभर त्यावर बसलेल्या माणसाला विचारा, घोडा कुठल्या वळणावर बुजतो हे त्याला आधीच ठाऊक असतं. तिथे यायच्या आत लगाम आखडलेला असतो. ही जी ओळख आहे, ती निर्दोष घोड्याशी इतकी खोल होत नाही.

आयजीआयच्या दोषांना मी 'चुका' म्हणणार नाही, 'खोडी' म्हणेन. बराकीतून शिपाई येतच राहणार हे एकदा कळलं की आपण आधी अलार्मच्या खटक्याकडे जातो. तो गेम येणं म्हणजे त्याच्या खोडी ठाऊक असणं.

अमळनेर:
हे पटलं, आणि यात एक भर घालतो. त्या गेमचं इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा असतो ते, मुळात 'जॉइंट स्ट्राइक फायटर' या विमानाच्या गेमसाठी बनवलेलं होतं. म्हणून त्यात मोकळं रान एवढं अफाट. टेकडीवर दबकून बसायचं, दुर्बिणीतून खालचा तळ न्याहाळायचा, नकाशा उघडून वरून कोण कुठे फिरतंय ते पाहायचं आणि वाट ठरवायची. आता सेव्ह असतं तर ही वाट इतक्या जपून कोणी ठरवली असती? दर दहा पावलांवर सेव्ह केलं असतं आणि बेधडक घुसलो असतो. सेव्ह नाही म्हणून शेवटच्या दारापाशी छाती धडधडते. म्हणजे निदान ही एक खोड अशी आहे की ती काढली तर गोडीही जाईल. बाकीच्यांचं तसं नाही. शिपायांची अक्कल वाढवली असती तर कोणाचंच बिघडलं नसतं.

भुसावळ:
मग 'व्हाइस सिटी' या गेममधलं ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर? बांधकाम चालू असलेल्या इमारतीत एकेक करून चार बॉम्ब न्यायचे, घड्याळ चालू, आणि कीबोर्डवर ते हेलिकॉप्टर काही केल्या सरळ उडत नाही. त्या खोडीत मला काडीची गोडी नाही. बाकी गेम जीव की प्राण.

शहादा:
बरोबर. सगळ्या खोडी गोड मानायचा आग्रह नको. तिथे आपण 'असूनही' म्हणतो, 'म्हणून' नाही.

चोपडा:
शाळेत मराठी शिकवते, म्हणून थोडं व्याकरण. आपण 'मी गेम आवडतो' म्हणत नाही, 'मला गेम आवडतो' म्हणतो. वाक्यात कर्ता गेम आहे, मी नाही. आवड आपण करत नाही, ती आपल्याला होते, जशी भूक लागते. 'पसंत करणे' मात्र आपण करतो, बघून, तोलून. सोयरिकीत आधी 'मुलगी पसंत आहे' येतं, 'आवडते' पुढे कधीतरी. त्यामुळे 'हा गेम मला पसंत नाही, पण आवडतो' हे वाक्य मराठीत बिनतक्रार उभं राहतं. दोन क्रियापदं, दोन वेगळी कामं. ज्यांना यात विसंगती वाटते ते दोन्हीला एकच समजतात. मी मुलांना सांगते, एखादा खेळ आवडला म्हणून तो चांगला आहे असं सिद्ध करत बसू नका, आणि वाईट आहे हे कळलं म्हणून आवड लपवू नका. दोन्ही खरं सांगता यायला हवं.

आवडीसाठी शब्द मात्र मी 'लळा' घेईन. लळा गुणांवर ठरत नाही. तो सहवासाने लागतो, आणि ज्याला लागतो त्याचे डोळे उघडे असतात. नाद, चटक, व्यसन या तिघांत माणूस ओढला जातो. लळ्यात तो जवळ जातो.

साक्री:
अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, खेळचा 'खेय'. आमच्याकडची पोरं अशा गेमबद्दल बोलतात ते असं: 'वाईट शे, पन आवडस.' एवढ्यात चोपड्याच्या बाईंचं सगळं आलं.

अमळनेर:
'लळा' आणि 'खोड' दोन्ही घेतो. वाक्यात वापरून पाहिलं: 'आयजीआयचा मला त्याच्या खोडींसकट लळा आहे.' कानाला बरं लागतं. कँडी क्रशला हेच वाक्य लावलं तर जमत नाही, कारण तिथे खोड गेमला नाही, गेम आपल्याला लावतो. व्हाइस सिटीसाठी 'खोडींसकट' काढून 'खोडी असूनही' लिहावं लागेल.