‘इम्पॅक्ट फॅक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

वाचनालयवाली (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. एका शब्दापायी दोन दिवस अडून बसले आहे. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, त्यासाठी गावच्या वाचनालयात भिंतीवर लावायला चार पानं लिहिते आहे. डिमेन्शियावरचं, म्हणजे अल्झायमरसारख्या मेंदूच्या आजारांवरचं, संशोधन कुठे छापून येतं आणि त्याचा आपल्याला काय उपयोग, असा विषय. त्यात ‘अल्झायमर्स अँड डिमेन्शिया’ या नियतकालिकाची ओळख आहे. अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन ते २००५ पासून काढते. आता त्याचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे त्यातल्या लेखांचा दाखला इतर लोक किती देतात त्याचा आकडा, मोठा आहे हे मराठीत कसं लिहू?

भाच्यानं मोबाईलवर भाषांतर काढून दिलं, त्यात ‘आघात घटक’ असं आलं. मी कच्चं पान तसंच टांगलं. संध्याकाळी पेपर वाचायला येणाऱ्या एक काकू त्यापुढे थबकल्या. ‘काव बाई, आघात कोनाले झाला?’ त्यांचे दीर दोन वर्षांपासून अर्धांगानं अंथरुणावर आहेत. त्यांचा चेहरा पाहून मी पान तिथल्या तिथे उतरवलं. मेंदूच्या आजारावर लिहिताना ‘आघात’ वापरता येणार नाही एवढं कळलं. पुढचं तुम्ही सांगा.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

ताई, पान काढलंत हे उत्तम केलंत. ‘आघात’ हन् धातूवरून आलेला. पक्षाघात, अपघात, विश्वासघात, सगळीकडे मार आहे. संशोधनाचा कुणावर घाला पडत नाही. ‘घटक’ही चुकीचा. घटक म्हणजे ज्यापासून वस्तू घडते तो. गणितात फॅक्टरला आपण अवयव म्हणतो, पोरं शाळेत अवयव पाडतात. तोही इथे बसणार नाही. सरळ ‘प्रभावांक’ लिहा. सुटसुटीत आहे, संस्कृतातून आहे, कुणालाही कळतो.

प्रयोगशाळेतली (नागपूर)

गुरुजी, माझी हरकत ‘अंक’ला नाही, ‘प्रभाव’ला आहे. मी मेंदूच्या आजारांवरच काम करते, हा आकडा रोज कानावर पडतो. तो निघतो कसा ते आधी सांगते. समजा २०२३ चा आकडा काढायचा आहे. त्या नियतकालिकात २०२१ आणि २०२२ मध्ये जे लेख छापले, त्यांचा दाखला २०२३ मध्ये इतरांनी किती वेळा दिला ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येनं भागायचं. दोनशे लेख आणि हजार दाखले असतील तर आकडा पाच. एवढंच. ही सरासरी आहे. रुग्णाला बरं वाटलं का, गावात डॉक्टर पोचला का, यातलं काहीही त्यात नाही.

ही कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. त्यांची पीएचडी भाषाशास्त्रातली होती, हे या चर्चेत सांगावंसं वाटतं. पुढे ग्रंथालयांना कोणत्या नियतकालिकाची वर्गणी भरावी हे ठरवायला या आकड्याचा उपयोग होऊ लागला. म्हणजे वाचनालयवाली ताई, मुळात हा तुमच्याच कामाचा आकडा. नंतर त्यावरून माणसांच्या नेमणुका आणि बढत्या व्हायला लागल्या, आणि २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शास्त्रज्ञांना जाहीरनामा काढून सांगावं लागलं की माणसाचं काम यावरून तोलू नका.

‘प्रभाव’ म्हटलं की लोकांना वाटतं, आकडा मोठा म्हणजे संशोधन खरं आणि उपकारक. आमच्याच विषयातलं उदाहरण आहे. अल्झायमरमधल्या एका प्रथिनावरचा लेख २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याला दोन हजारांहून जास्त दाखले मिळाले. चित्रांत फेरफार आढळला आणि २०२४ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. मिळालेले दाखले मात्र त्या-त्या वर्षीच्या आकड्यात मोजून झालेले. याला ‘प्रभाव’ म्हणायचं?

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

म्हणायचंच. प्रभाव वाईटही असतो. रावणाचाही प्रभाव होता.

पऱ्हाटी (अकोट)

गुरुजी, तुमचं संस्कृत आमाले शिरसावंद्य, पन जे मोजून रायले त्याचंच नाव द्या ना जी. ताईनं सांगतलं का दाखले भागिले लेख. आमी वावरात काय करतो? कापूस भागिले एकर. त्याले आमी उतारा म्हनतो. ‘औंदा एकरी उतारा किती?’ असं कोनालेबी इचारा, लगेच समजते. एका कोपऱ्यात विहिरीचं पानी असलं तं तिथला कापूस चांगला येते, बाकी कोरडवाहू मरते, पन सरासरीत सारं झाकून जाते. नियतकालिकाचंबी तेच दिसून रायलं. तं म्हना ‘दाखल्यांचा उतारा’.

प्रयोगशाळेतली (नागपूर)

दादा, हे मला फार आवडलं. विहिरीजवळचा कोपरा अगदी खरा आहे. अल्झायमरच्या निदानाचे नवे निकष २०११ मध्ये ‘अल्झायमर्स अँड डिमेन्शिया’तच छापले गेले. असा एक लेख जगभरचे लोक वर्षानुवर्षं दाखल्याला घेतात. शेजारच्या पानावरच्या लेखाला दोनच दाखले मिळाले तरी सरासरी दोघांची एकच.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

‘उतारा’ नको. शब्द आधीच चार जागी राबतो आहे. धड्यातला उतारा, सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा आणि तिठ्यावर टाकतात तो उतारा. त्यात हा पाचवा. आणि ‘दाखला’ म्हटलं की खेड्यातल्या माणसाला तहसीलच आठवते, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. त्यासाठी ‘उद्धरण’ हा नेमका शब्द आहे.

पऱ्हाटी (अकोट)

उद्धरन म्हटलं का आमाले कोनाचा तरी उद्धार झाल्यासारखा वाटते. ‘इतिहासात दाखला हाय’ असं आमचा बुढा म्हने, शाळेत गेला नवता तरी. शब्द पाच जागी राबला तं काय बिघडलं? बैलबी राबते नांगराले, वखराले, बंडीले.

आशाताई (धामणगाव परिसर)

मी आशा वर्कर आहे, भाषेतलं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण तिठ्यावरचा उतारा वाचून राहवलं नाही. माझ्या एका घरी सत्तरीतले काकाजी आहेत. जेवले की तासाभरानं म्हणतात, मला कोणी जेवू घातलं नाही. शेजारी ऐकतात आणि सुनेला नावं ठेवतात. त्या सुनेनं तीन अमावास्या लिंबू-नारळाचा उतारा टाकला. चौथ्या महिन्यात मला बोलावलं. सांगायचं तर मला शब्दच सापडेना. ‘स्मृतिभ्रंश’ म्हटलं तर तिनं विचारलं, म्हणजे भ्रष्ट झाले का? ‘डिमेन्शिया’ म्हटलं तर मुलगा म्हणाला, हे शहरातलं असते. माझी विनंती आहे की त्या आकड्याआधी आजाराचं नाव ठरवा. घरोघरी जाऊन मलाच ते सांगायचं आहे.

प्रयोगशाळेतली (नागपूर)

ताई, त्या मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. भारतातल्या साठ वर्षांवरच्या लोकांची देशभर पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये याच ‘अल्झायमर्स अँड डिमेन्शिया’त आले. शंभरात ७.४ जणांना डिमेन्शिया, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. शहरातला आजार ही समजूत चुकीची आहे.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

भ्रंश म्हणजे भ्रष्ट हा अर्थ रूढ झाला त्याला शब्दाचा इलाज नाही. मूळ भ्रंश् म्हणजे घसरणे, खाली पडणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शब्द चक्क आहे: स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः. आधी स्मृती घसरते, मग बुद्धी जाते. आजाराचा क्रमही पुष्कळदा हाच. इतका जुना, इतका नेमका शब्द असताना टाकून कसा द्यायचा? खेड्यातल्या लोकांना तो शिकवा. लोक ‘कोलेस्टेरॉल’ शिकलेच ना?

झाडीपट्टी (साकोली)

गुरुजी, तो श्लोक मागूनही वाचा. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, मग क्रोध, क्रोधातून संमोह आणि मग स्मृतीचा घोटाळा. गीतेत तो माणसाच्या चुकीचा परिणाम आहे. माझी आजी जन्मभर कुणावर ओरडली नाही. तिच्या आजाराला क्रोधाच्या साखळीतलं नाव मी देणार नाही. आमच्याकडे साधं ‘भुलली’ म्हणतात. आजी भुलली. यात दोष कुणाचाच नाही. जंगलात वाट भुलतात तसं.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरी ‘भुलणे’ म्हणजे मोहित होणेही होते. कागदावर चालणार नाही.

पऱ्हाटी (अकोट)

आमच्याकडं ‘इसरभोळी’ म्हनते. नाई तं ‘बह्याड झाली’. बह्याड हा शब्द मले वाटते ‘बाहेर’वरून आला, ज्याचं ध्यान घराबाहेर गेलं थो. मायं आपलं मत हाय. पन आजारी मानसाले बह्याड म्हनू नये, हे मी सोताच्या बुढ्याच्या वेळी शिकलो. अन् मास्तर लोकं ‘म्हातारचळ’ लिहिते थेबी नोका लिहू. आमच्या गावात म्हातारचळ म्हटलं का लोकं बुढा बाईमानसाच्या मांगं लागला असं समजते.

प्रयोगशाळेतली (नागपूर)

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही आता सोडावी असं मला मनापासून वाटतं. आकडाच पाहा. पाहणी साठीवरच्यांची होती आणि शंभरातल्या बाण्णवांहून जास्त लोकांना डिमेन्शिया नाही. म्हण सगळ्यांना एका दावणीला बांधते. त्यामुळे घरचे म्हणतात, वय झालं, असंच असतं, आणि दवाखाना राहून जातो. कधी थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता असते आणि औषधानं फरक पडतो, पण तपासणीच होत नाही.

नाव बदलता येतं. जपानमध्ये जुन्या शब्दात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये तिथल्या सरकारनं तो टाकून जाणिवेशी संबंधित नवा शब्द घेतला आणि लोकांनी तो उचलला.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

‘नाठी’ म्हणजे नष्ट. नष्टचं प्राकृतात नट्ठ, त्यावरून नाठी. पळून गेलेली, हरवलेली. म्हण सोडा, पण शब्द फार सुंदर आहे, तो ठेवा.

आशाताई (धामणगाव परिसर)

मग मी सुनेला काय सांगू?

झाडीपट्टी (साकोली)

‘विसराचा आजार’ सांगा. विसर हा शब्द गुरुजींनाही चालेल, विस्मृतीचाच नातू आहे. ‘आजार’ आवर्जून जोडा, म्हणजे करणी नाही हे त्यातच आलं.

प्रयोगशाळेतली (नागपूर)

विसर हा त्यातला एकच भाग. कुणाची आधी भाषा जाते, कुणाचा स्वभाव पालटतो, कुणाला समोर नसलेली माणसं दिसतात. अशा घरात ‘विसराचा आजार’ सांगितलं तर ते म्हणतील, आमच्या बाबांना सगळं आठवतं. मी ‘डिमेन्शिया’च सांगेन आणि मग दहा मिनिटं बसून समजावेन.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

दहा मिनिटं द्यायची असतील तर ‘स्मृतिभ्रंश’लाही द्या.

पऱ्हाटी (अकोट)

आशाताईजवळ घरी धा मिनिटं नसते गुरुजी.

वाचनालयवाली (आर्वी तालुका)

मंडळी, माझा आकडा तसाच राहिला, पण तुम्ही बोलत आहात ते मला हवंच होतं. एक आठवलं ते लिहिते. ‘औषधाचा गुण आला’ असं आपण म्हणतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. इम्पॅक्टला इतका जवळचा शब्द मला दुसरा दिसत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावांशी ताडून पाहिलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि तो लेख १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जातात ती रीत त्या कामातून आली. याला मी ‘गुण आला’ म्हणेन. आकड्याला वेगळा शब्द हवा आणि गुणाला वेगळा. भिंतीवर दोन्ही लिहायचे आहेत.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर)

‘गुण’ उत्तम. मात्र ‘गुणांक’ करू नका, बीजगणितात तो कधीचा घेतलेला आहे. आकड्याला ‘प्रभावांक’च.

प्रयोगशाळेतली (नागपूर)

‘सरासरी दाखले’.

पऱ्हाटी (अकोट)

उतारा.

वाचनालयवाली (आर्वी तालुका)

माझी आई अकरा वर्षं या आजारात होती. शेवटच्या वर्षी नावं गेली, माझंही गेलं. पण खाटेवर पडल्या पडल्या तिची बोटं चालायची. अंगावरच्या वाकळेवरून काहीतरी चिमटीत धरायची, अलगद ओढायची आणि पोटाजवळ ठेवायची. नर्सबाई म्हणाल्या, चाळा आहे, हात बांधून ठेवा. मी कितीतरी दिवस नुसती पाहत होते. एक दिवस ती पोटाजवळचं लुगडं चाचपताना दिसली आणि उमगलं. ती ओटी शोधत होती. आई कापूस वेचत होती. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ती पऱ्हाटीत वेचायला जायची, बोंडाचं टोक बोटाला लागू न देता कापूस कसा काढायचा हे तिनंच मला शिकवलं होतं. मी तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून दिली. मग ती त्यात ठेवायला लागली आणि दुपारी शांत झोपायची. ‘स्मृतिभ्रंश’ लिहिताना माझा हात अडतो तो यासाठी. तिच्या बोटांतली स्मृती कुठेच घसरली नव्हती. या बोटं चालवण्याला तुमच्याकडे काही शब्द आहे का? चाळा नको.

आशाताई (धामणगाव परिसर)

ताई, काकाजी दिवसभर दोरी वळल्यासारखे हात करतात. उद्याच सुनेला सांगते, अंबाडीचा पुंजका द्या त्यांच्या हातात.

झाडीपट्टी (साकोली)

आमच्याकडे कापूस नाही, बांधीतलं धान. आजी गादीच्या कडेवरून परे, म्हणजे धानाची रोपं, उपटायची, मुठीत धरून जुडी करायची आणि मागं ठेवायची. आम्ही म्हणायचो, आजी बांधीत गेली.